शिकाऱ्याची गोळी आणि गिधाडाचे ताट

कर्जतहून मुरबाडकडे निघाले की वाटेत कशेळे लागते. पुढे खांडसपर्यंत गेले की भीमाशंकरची पायवाट सुरू होते. या पट्ट्यातल्या शाळांमध्ये शिकवणाऱ्यांना ‘छर्रा’, ‘बार’, ‘ठासणीची बंदूक’ हे शब्द मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरतात, माळ्यावर राखण बसते, आणि रात्री कुठेतरी बार झाल्याचे दुसऱ्या दिवशी वर्गात कानावर येते. ठाकूर-कातकरी वाड्यांवरची जुनी साधने वेगळी होती: फासे, जाळी, गलोल. गलोलीतून सुटतो तो खडा किंवा मातीची गोळी. बंदुकीतून मात्र शेकडो वर्षे एकच धातू सुटत आला, शिसे. छर्रा मारलेल्या जनावराच्या अंगात राहिला किंवा नेम चुकून मातीत पडला, म्हणजे त्याचे काम संपले असे सगळेच समजत होते. ते तिथे संपत नाही हे कळायला शंभर वर्षे लागली. कळल्यावर गोळीतला धातू बदलायला पुढे आलेल्यांमध्ये काही शिकारीही होते. त्यांची ही हकिगत आहे. तिचा एक धागा आपल्या गिधाडांपर्यंत येतो.

आधी एक गणित घेऊ. ‘बारा बोअरची बंदूक’ हा शब्द सर्वांना माहीत असतो. त्यातला ‘बारा’ म्हणजे इंच नव्हे की मिलिमीटरही नव्हे. एक पौंड शिसे वितळवून त्याच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते, आणि विद्यार्थ्यांना हे हमखास उलटे वाटते. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. त्याचा बारावा भाग ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता दर घनसेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम धरली तर गोळीचे आकारमान ३.३३ घनसेंटिमीटर आणि व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. नववीच्या वर्गात हे उदाहरण करून घेण्यासारखे आहे. बंदुकीचे मापच शिशावर बेतलेले होते, इतके त्या दोघांचे नाते जुने.

या नात्याला कारणे होती. शिसे जड, त्यामुळे लहानशी गोळीही लांबवर वेग टिकवून ठेवते. ते मऊ, त्यामुळे पोलादी नळीला ओरखडे पडत नाहीत. ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरच्या चुलीवरसुद्धा ओतता येते. आणि स्वस्त. राहता राहिली अडचण ती बारीक छर्रे हुबेहूब गोल करण्याची. ती १७८२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावच्या विल्यम वॉट्स याने सोडवली. वॉट्सचा धंदा प्लंबरचा. त्या काळी प्लंबर म्हणजे शिशाचे काम करणारा, कारण नळ शिशाचे असत. शिशाचे लॅटिन नाव प्लंबम, आणि आपण फळ्यावर लिहितो ते ‘पीबी’ हे चिन्ह त्याच नावातले. किंचित आर्सेनिक घातलेले वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून खाली सोडायचे आणि तळाशी पाण्याच्या हौदात झेलायचे, ही वॉट्सची युक्ती. पडणाऱ्या थेंबाला पृष्ठताण गोल करतो आणि हवेतच तो घट्ट होऊ लागतो. यासाठी त्याने आपल्या घरावरच मनोरा चढवला. पुढे युरोप-अमेरिकेत असे छर्ऱ्यांचे मनोरे उभे राहिले आणि छर्रा स्वस्त झाला.

एका काडतुसात साधारण तीस ग्रॅम शिसे, म्हणजे दोन-अडीचशे छर्रे असतात. त्यातले पाच-सहा पक्ष्याला लागतात. बाकीचे पाणथळीच्या चिखलात जाऊन बसतात.

पक्ष्याला दात नसतात. तो बारीक खडे गिळतो, आणि पेषणी नावाच्या स्नायूंच्या पिशवीत हे खडे धान्य दळतात. चिखलात चोच घालून खडे वेचणाऱ्या बदकाला खडा आणि छर्रा यांत फरक कळत नाही. पेषणीत शिसे घासले जाते, जठररसातल्या आम्लात विरघळते आणि रक्तात उतरते. शरीर त्याला कॅल्शियमसारखे वागवते. ते हाडांत साठते, नसांचे काम बिघडवते, रक्तातले हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणते. अन्ननलिकेचे स्नायू लुळे पडतात. पोट भरलेले असूनही पक्षी उपासमारीने मरतो. अमेरिकेत जॉर्ज बर्ड ग्रिनेल या निसर्गअभ्यासकाने १८९४ साली शिकाऱ्यांच्याच एका साप्ताहिकात यावर लिहिले होते. ग्रिनेल स्वतः शिकारी होता. १९१९ साली अलेक्झांडर वेटमोर याने प्रयोग करून बदकांच्या त्या आजाराचे कारण छर्रेच असल्याचे दाखवले. १९५९ साली फ्रँक बेलरोज याने हिशेब मांडला की उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दरवर्षी शिशाने मरत असावेत. इतके सगळे हाती असूनही अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीतून शिशाचे छर्रे पूर्णपणे हद्दपार व्हायला १९९१ साल उजाडले. ग्रिनेलच्या लेखापासून मोजले तर सत्त्याण्णव वर्षे.

आपल्याकडे काय चालले होते? भरतपूरचे केवलादेव तळे घ्या. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४२७३ पक्षी पडले. तो आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. एका पक्ष्यामागे दोन काडतुसे धरली (हे माझे गृहीत, आणि ते कमीच असावे) तर एका दिवसात अडीचशे किलोच्या वर शिसे त्या उथळ पाण्यावर पडले. अशा शिकारी तिथे वर्षानुवर्षे होत होत्या.

शिकारी आणि निसर्गरक्षक ही दोन वेगळी माणसे असतात, ही समजूत इतिहासात टिकत नाही. मुंबईतल्या आठ हौशी मंडळींनी १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या संस्थेच्या सुरुवातीच्या नोंदींमध्ये शिकाऱ्यांचा वाटा मोठा होता. सालिम अलींना पक्ष्यांच्या अभ्यासाकडे वळवले तेही लहानपणी हवाई बंदुकीने मारलेल्या एका चिमणीने. ज्याने जनावर समोरून पाहिले आहे, त्याचा माग काढला आहे, त्याला संख्या कमी झाल्याचे लवकर कळते. शिकारीचे समर्थन म्हणून मी हे सांगत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीला लगाम बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही गेले, हे योग्यच झाले. पण शिकार जिथे कायदेशीर आहे तिथे गोळी बदलण्याचा निर्णय अखेर बंदूक धरणाऱ्या हातातच असतो.

बदकांची गोष्ट छर्ऱ्यांची. दुसरी गोष्ट रायफलच्या गोळीची, आणि ती गिधाडांची आहे.

कॅलिफोर्नियाचा कॉन्डॉर हे अमेरिकेतले गिधाड. पंखांचा पसारा जवळजवळ तीन मीटर. सहा-सात वर्षांचा झाल्याशिवाय वीण नाही, आणि जोडी बहुधा दोन वर्षांत एकच अंडे घालते. १९८२ साली जगात असे २२ पक्षी उरले होते. १९८४ पासून मेलेले कॉन्डॉर तपासताना शिशाची विषबाधा सापडू लागली. मोठा वाद झाला आणि शेवटी उरलेले सगळे पक्षी पकडून लॉस एंजेलिस आणि सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयांत वाढवायचे ठरले. १९८७ च्या एप्रिलमध्ये रानातला शेवटचा कॉन्डॉर पकडला गेला. त्या वेळी एकूण संख्या होती २७. पिंजऱ्यातली वीण यशस्वी झाली. १९९२ साली कॅलिफोर्नियात आणि १९९६ साली ॲरिझोनात पक्षी पुन्हा सोडले गेले. सोडलेल्या पक्ष्यांच्या रक्तात पुन्हा शिसे निघाले.

हे शिसे येते कुठून? हरणाला रायफलने मारल्यावर शिकारी तिथेच पोट फाडून कोथळा काढतो आणि मांस घेऊन जातो. गिधाडांसाठी ते आयते ताट. गोळी तर आरपार निघून गेली, मग कोथळ्यात काय राहणार, असे शिकारी प्रामाणिकपणे म्हणत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे २० कोथळे क्ष-किरणांखाली ठेवले गेले. त्यांपैकी १८ मध्ये धातूचे कण दिसले आणि काहींत दोनशेहून जास्त. वेगात आदळलेली शिशाची गोळी अक्षरशः भुकटी होऊन पसरते. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने कॉन्डॉरच्या रक्तातल्या शिशाचे समस्थानिक मोजले. प्रत्येक खाणीच्या शिशात समस्थानिकांचे प्रमाण थोडे वेगळे असते, म्हणून ते ओळखपत्रासारखे वापरता येते. ज्यांच्या रक्तात शिसे जास्त, त्यांचे प्रमाण बंदुकीच्या गोळ्यांशी जुळले.

पर्याय तयार होता. शुद्ध तांब्याची गोळी आदळल्यावर फुलासारखी उमलते, पण फुटत नाही. अशा गोळ्या नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावरच अमेरिकेच्या बाजारात आल्या होत्या, आणि त्या कॉन्डॉरसाठी काढलेल्या नव्हत्या. गोळी अखंड राहावी, खोल शिरावी, ही शिकाऱ्यांचीच गरज होती. तांब्याची घनता ८.९, म्हणजे शिशापेक्षा कमी. त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, बंदूक नव्याने नेमाला लावावी लागते आणि खर्च जास्त येतो. (बदकांसाठीच्या पोलादी छर्ऱ्यांची घनता ७.८. ते हलके, म्हणून एक-दोन माप मोठे घ्यावे लागतात. यावरून अमेरिकन शिकाऱ्यांनी बरीच वर्षे कुरकुर केली.)

इथून दोन राज्यांचे रस्ते वेगळे झाले. कॅलिफोर्नियाने कायदा केला. २००८ पासून कॉन्डॉरच्या टापूत शिशाच्या गोळीला बंदी घातली, आणि १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीसाठी. ॲरिझोनाने बंदी न घालता शिकाऱ्यांना विनंती केली. २००५ पासून कॉन्डॉरच्या टापूत शिकारीचा परवाना मिळालेल्यांना शिसेविरहित गोळ्या फुकट देऊ केल्या. ज्यांना शिसेच वापरायचे असेल त्यांनी कोथळा रानात न टाकता परत आणावा, त्यांच्यासाठी सोडत आणि बक्षीस ठेवले. सरकारी पत्रकापेक्षा जोडीदार शिकाऱ्याच्या शब्दाला जास्त वजन असते, हे तिथल्या खात्याने ओळखले. दोन्ही प्रकारच्या गोळ्या पाण्याच्या पिंपात झाडून पिंपाच्या तळाशी काय सापडते ते शिकाऱ्यांना डोळ्यांनी पाहू द्यायचे, असे प्रयोग अमेरिकेत होऊ लागले. मांस घरीही जाते, मुले तेच खातात, हाही मुद्दा होता. नॉर्थ डाकोटा राज्यात २००८ साली गरिबांना वाटण्यासाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसे सापडून तो फेकून द्यावा लागला होता. कोणतीही सक्ती नसताना ॲरिझोनातल्या त्या टापूत दहापैकी आठ-नऊ शिकारी या योजनेत सामील झाले. स्वखुशीच्या कामात इतका सहभाग क्वचितच दिसतो.

तरीही कॉन्डॉरच्या रक्तातले शिसे गेले नाही. आजही तिथले बहुतेक पक्षी ठराविक काळाने पकडावे लागतात, रक्त तपासावे लागते, आणि शिसे जास्त निघाले तर ते बांधून बाहेर काढणारे औषध टोचावे लागते. रानातले आणि पिंजऱ्यातले मिळून कॉन्डॉर आता पाचशेच्या वर आहेत, पण ते या उपचारावर तगून आहेत. दहापैकी नऊ जण बदलले तरी पुरे का पडत नाही? याचे उत्तर नीट समजायला अमेरिकेतून आपल्या गिधाडांकडे यावे लागते.

आपल्याकडे गोष्ट शिशाची नव्हती. भरतपूरच्याच राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश गिधाडांची घरटी मोजत होते. १९८७-८८ आणि १९९६-९७ यांच्या दरम्यान पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी निम्म्याहून कमी झाल्याचे त्यांना आढळले. पुढच्या मोजण्यांतून दिसले की १९९२ ते २००७ या काळात या गिधाडांची भारतातली संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारातले एक उरले. कारण २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून कळले: डायक्लोफिनॅक, गुरांना देण्यात येणारे वेदनाशामक. लंगडणाऱ्या बैलाला शेतकऱ्याने मायेपोटी सुई दिली. बैल दोन दिवसांनी मेलाच तर गावाबाहेर टाकला. त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. शिकाऱ्याप्रमाणेच या शेतकऱ्याच्याही मनात गिधाड नव्हते.

संशोधकांनी मग हिशेब केला की संख्या इतक्या वेगाने कोसळायला किती मेलेली गुरे विषारी असावी लागतील. उत्तर आले: १३० मध्ये एक ते ७६० मध्ये एक. म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. प्रत्यक्षात बंदीच्या आधी भारतभरातून घेतलेल्या नमुन्यांत सुमारे दहा टक्के गुरांमध्ये हे औषध सापडले होते.

हे फळ्यावर करून पाहा. समजा एक गिधाड तीन दिवसांतून एकदा खाते, म्हणजे वर्षाला १२० ताटे. शंभरात एक ताट विषारी असेल, तर वर्षभर एकही विषारी ताट वाट्याला न येण्याची शक्यता ०.९९ चा १२० वा घात, म्हणजे सुमारे ०.३०. दहापैकी सात गिधाडांना वर्षात कधीतरी ते ताट मिळणारच. दहात एक ताट विषारी असेल तर सुटका जवळपास अशक्य. पाचशेत एक असेल तरी पाचातल्या एकाच्या वाट्याला ते येते. शिवाय गिधाडे पंगतीने जेवतात, एका जनावरावर वीस-तीस बसतात. कॉन्डॉरला प्रत्येक शिसेयुक्त कोथळा ठार मारत नाही, पण पंगतीचे आणि संभाव्यतेचे गणित तेच आहे. दहावा शिकारी म्हणजे दहा टक्के ताटे. गोळी बदललेल्या नऊ जणांचे श्रम त्याने वाया जात नाहीत, पण ते अपुरे पडतात.

आपल्याकडे पर्याय आणि कायदा दोन्ही एकाच वर्षी आले. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ साली सिद्ध झाले आणि त्याच वर्षी जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पळवाट लगेच निघाली. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या ३० मिलिलिटरच्या बाटल्या गुरांसाठी विकल्या जाऊ लागल्या. २०१५ साली सरकारने माणसांसाठीच्या कुपीचे माप ३ मिलिलिटरवर आणले. बैलाला टोचायला अशा अनेक कुप्या फोडाव्या लागतील, हा त्यामागचा साधा विचार. २०२३ साली जनावरांसाठीचे किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही बंद झाले. प्रत्येक बंदी आवश्यक होती. पण गोठ्यात सुई भरणाऱ्याला दुसरी बाटली हातात मिळते का, आणि ती का घ्यायची हे त्याला कोणी सांगितले आहे का, यावरच तिचे यश ठरले. ॲरिझोनातल्या पिंपाच्या प्रयोगासारखे काही आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या ओसरीवर व्हायला हवे होते, असे मला वाटते.

युरोपात डेन्मार्कने १९९६ साली शिशाच्या छर्ऱ्यांवर सरसकट बंदी घातली आणि एप्रिल २०२४ पासून रायफलच्या गोळ्यांवरही. डेन्मार्कची शिकारी संघटना त्याला अनुकूल होती. युरोपीय संघाने पाणथळ जागी शिशाचे छर्रे फेब्रुवारी २०२३ पासून बंद केले. ब्रिटनमध्ये तर गळाला लावायची शिशाची वजने १९८७ सालीच बंद झाली, कारण थेम्सवरचे हंस ती गिळून मरत होते. त्यानंतर हंसांची संख्या सावरली. पेज नदीवर फेकजाळे टाकणाऱ्यांच्या जाळ्याच्या काठाला काय बांधलेले असते, ते विद्यार्थ्यांना पाहून यायला सांगा.

आपल्याकडे शिकार बंद असली तरी पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना मारण्याची परवानगी महाराष्ट्रात अटींसह मिळते. चोरटी शिकारही पूर्ण थांबलेली नाही. त्यामुळे मारलेले जनावर किंवा त्याचा कोथळा रानात टाकू नये, खोल पुरावा, हा नियम गिधाडांच्या टापूत तरी प्रत्येक परवान्यावर असावा. याला खर्च काही नाही.

असा टापू आता महाराष्ट्रात पुन्हा आखला जातो आहे. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या पैदास केंद्रातून २० गिधाडे पेंच आणि ताडोबात आणली गेली. अशा ठिकाणाभोवती १०० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात औषधांची दुकाने आणि मेलेली गुरे तपासून घातक औषधे नाहीत ना, याची खात्री करावी लागते. ते क्षेत्र एकतीस हजार चौरस किलोमीटरहून मोठे भरते. रायगड जिल्ह्यात दक्षिणेला म्हसळ्याच्या परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडे अजून झाडांवर घरटी करतात. जिल्ह्याच्या नकाशावर कंपासचे टोक म्हसळ्यावर ठेवून १०० किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर त्याची कड जवळजवळ कशेळ्यावरून जाते.